रबराला गाल लावणारा माणूस

"घालनार कोन हाय?"

रबरी कपडा हातात घेतला की चाचांचा पहिला प्रश्न हाच असायचा. कुठे फाटलं, कधी पाहिजे, हे सगळं नंतर. घालणाऱ्याचं नाव कळलं की ते तो कपडा डाव्या गालाला लावत, डोळे मिटत आणि उजवा हात वर करून सगळ्यांना गप्प करत. बाजारातल्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या त्यांच्या हाताने थोड्याच थांबणार? पण दुकानात असलेले आम्ही मात्र श्वास रोखून उभे राहायचो.

पंक्चरवाले असं करतात, तुम्हीही पाहिलं असेल. ट्यूबमध्ये हवा भरायची आणि ती गालाजवळून फिरवायची. डोळ्याला न दिसणारं भोक गालाला कळतं, त्याची बारीक सूसू कानाला. चाचांची दाढी उजवीकडे दाट आणि डावीकडे विरळ होती. ती रबराने झिजली असं ते स्वतःच सांगायचे, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसायचं, म्हणून आम्हीही हसत नसू.

मी मूळचा वरोऱ्याचा. कापसाच्या बाजाराचं गाव, पाणी म्हणजे आमच्याकडे नळाला येईल तेवढं. वडील मत्स्य खात्यात कारकून होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपा तत्त्वावर मला खात्यात चिकटवून घेतलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नेमणूक मिळाली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका मत्स्यबीज केंद्रावर. मला पोहता येत नव्हतं. अर्जात तसा रकाना नव्हता आणि मीही होऊन सांगितलं नाही. जिल्ह्यात बदलून आलेले बाकीचे लोक जंगलाला भीत, वाघाला भीत, रस्त्यात पेरलेल्या सुरुंगांना भीत. मी तलावाला भ्यायचो. ज्याच्या काठावर पोट भरायचं, त्यालाच.

केंद्रावर नागपूरहून दोन रबरी पोशाख आले होते. हिवाळ्यात पाण्यात उभं राहून मासे धरणाऱ्यांसाठी. बुटांपासून छातीपर्यंत सलग जाड रबर, वर खांद्यावर अडकवायचे पट्टे. आमच्याकडचे ढिवर लोक पौषाच्या थंडीतही लंगोट लावून छातीभर पाण्यात उतरतात आणि तासनतास जाळं ओढतात. त्यांना ऊब मिळावी असा खात्याचा विचार. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष बुधाभाऊ यांनी पोशाख उलटापालटा करून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "याच्यात पानी शिरलं तं मानूस बाहेर कसा येईन?"

या प्रश्नाचं उत्तर सोबत आलेल्या माहितीपत्रकात नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र चित्र उभं राहिलं. दोन्ही पाय पाण्याने भरून जड झालेत, माणूस छातीएवढ्याच पाण्यात आहे आणि पाऊल उचलत नाही. पोहणाराही त्यात जाईल. मग माझी काय कथा?

आणि ते पोशाख माझ्याच ताब्यात दिले गेले.

पहिल्याची वाट लवकरच लागली. चिखल, माशांचा बुळबुळीतपणा आणि वास यांनी तो इतका घाण झाला की मी तो परटाकडे टाकला. परटाने आपल्या धर्माप्रमाणे केलं. सोडा घालून उकळलं, दगडावर आपटलं, दोन दिवस पत्र्यावर उन्हात वाळवलं. इस्त्री केली नाही हेच नशीब. परत आला तेव्हा गुडघ्यात वाकवला तर पापडासारखा कडकन मोडला. दुसऱ्याची तशी गत होऊ नये म्हणून कुणीतरी मला चाचांचं नाव सांगितलं.

चाचांचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. सायकलचं पंक्चर हा मुख्य धंदा, पण पाटीवर खाली लिहिलेलं होतं, "इथं वाटरपुरूपचं काम होते." पोलिसांचे रेनकोट, पोस्टमनची पिशवी, दवाखान्यातलं रबरी कापड, सगळं त्यांच्याकडे यायचं. त्यांनी पोशाख घेतला, नेहमीचा प्रश्न विचारला, मी "कधी हा, कधी तो" असं म्हणालो तर त्यांनी तो परत माझ्या हातात दिला.

"असं नाई चालत बाबू. नाव सांग. मानूस डोऱ्यापुढं असला तं हात बरोबर चालते."

मग बुधाभाऊंचं नाव सांगितलं. तेच अधूनमधून घालायचे, तेही माझ्या आग्रहाखातर.

चाचांचं धुणं पाहणं हा एक सोहळा होता. चिखल वाळू द्यायचा नाही, ओला असतानाच थंड पाण्याने वाहवून टाकायचा. ब्रश नाही, दगड नाही, साबणाची पावडर तर नाहीच. रिठे भिजत घालून त्याचा फेस काढायचा आणि जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने गोल गोल पुसायचं. बाहेरून झालं की आतून उलटवायचं, पण बूट उलटत नाहीत, तिथे हात खांद्यापर्यंत घालून बोटांनी शोधायचं. शिंगी माशाचा काटा आत मोडून राहिलेला असतो, तो दिसत नाही. एकदा त्यांनी असा काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तांदळाच्या कणीएवढा होता.

"हा तुले छोटा दिसून राह्यला," ते म्हणाले. "पान्याले नाई दिसत."

मग सावलीत उलटा टांगायचा. घडी कधीच नाही, कारण घडीच्या रेषेवरच रबर आधी चिरतं. वाळला की ट्यूबला लावतात ती शंखजिऱ्याची पांढरी पावडर अंगभर चोळायची. शेवटी परीक्षा. छातीकडचं तोंड जुन्या ट्यूबच्या पट्टीने गच्च आवळायचं, पंपाची नळी आत सारायची, हवा भरायची आणि अर्ध्या कापलेल्या ड्रममधल्या पाण्यात एकेक पाय बुडवून बुडबुडे बघायचे. फुगलेला तो पोशाख दुकानापुढे उलटा टांगलेला असला की दुरून अस्वल उभं असल्यासारखा दिसे. बाजाराला आलेली एक म्हातारी त्याला पाहून डोक्यावरची मोहफुलांची टोपली टाकून पळाली होती. चाचा तिच्या मागे टोपली घेऊन धावले, तशी ती आणखी जोरात पळाली.

एवढी काळजी कशासाठी, असं मी एकदा विचारलं. कपडा तर सरकारी होता.

"मी पान्याले भेतो," ते म्हणाले. मार्कंड्याच्या जत्रेत ते दरवर्षी सायकलींचं दुकान लावायचे, पण वैनगंगेत घोट्याच्या वर कधी उतरले नव्हते. "लहानपनापासून भेतो. म्हनून बरोबर धुतो. ज्याले भेव नाई त्यानं दुसऱ्याच्या जिवाचं कापड धुवू नये."

मी तेव्हा मनातलं बोलून टाकायला हवं होतं. माझ्यासारखा भित्रा माणूस समोर बसलाय हे पाहून मला इतका दिलासा वाटला होता. पण सरकारी नोकरीतला माणूस पंक्चरवाल्यापुढे असं कसं बोलणार? मी चहा प्यायलो आणि निघालो.

तीन हिवाळे तो पोशाख असा सुखरूप राहिला. चौथ्या वर्षी पौषात बुधाभाऊंना खोकला झाला होता, पाण्यात उतरायचं झालं तर अंगावर असावा म्हणून मी तो त्यांच्या घरी आठवडाभर ठेवला. परत आला तेव्हा मी ओळखलाच नाही. काळाभोर, चकचकीत, हाताला लोण्यासारखा मऊ. बुधाभाऊंच्या बायकोने मोठ्या मायेने त्याची सेवा केली होती.

"पूरा फुटून राह्यला होता जी बिचारा," ती म्हणाली. "पांढरा फटक पडला होता. म्हनलं तेल लावून देतो."

चाचांनी चोळलेली पावडर तिला थंडीने फुटलेल्या टाचेसारखी वाटली होती. आणि फुटलेल्या टाचेला आमच्या झाडीपट्टीत एकच औषध, टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं. तिने ते कोमट करून रोज सकाळी पोशाखाला चोळलं होतं, घरच्या माणसाच्या पायांना चोळावं तसं, आणि चुलीच्या उबेला टांगला होता. मी तिचे आभार मानले. पोशाख इतका सुंदर कधी दिसलाच नव्हता.

नेमकी त्याच आठवड्यात चिठ्ठी आली. मोठे साहेब तपासणीला येणार होते. तुडुमाला, म्हणजे तलावातून शेतात पाणी सोडायच्या दाराला, आम्ही मासे निसटू नयेत म्हणून जाळी बसवतो. ती सैल झाली होती. कर्मचाऱ्याने रबरी पोशाख घालून पाण्यात उतरावं आणि ती जाळी बसवण्याचं प्रात्यक्षिक साहेबांना दाखवावं, असा हुकूम होता. केंद्रावर कर्मचारी म्हणावा असा मी एकटाच.

तुडुमापाशी पाणी छातीला लागतं आणि खाली ओढ असते. चिठ्ठी वाचल्यापासून काठावरून जाताना मी तुडुमाकडे पाहायचंसुद्धा टाळू लागलो. नाही म्हणावं तर अनुकंपेची नोकरी, घरी आई. पोहता येत नाही हे इतक्या वर्षांनी सांगावं तर लपवलं म्हणून चौकशी. शेवटी एकच आधार दिसत होता. पोशाखात पाणी शिरलं नाही तर मी मरणार नव्हतो. तेवढी खात्री करून घ्यायला मी चाचांकडे गेलो.

"घालनार कोन हाय?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पोशाख नाकाला लावला आणि विचारलं, "याले तेल कोनं लावलं?"

मी सांगितलं. त्यांनी पोशाखाचं तोंड आवळलं, हवा भरली, एकेक पाय ड्रममध्ये बुडवला. मी वाकून बघत होतो. एकही बुडबुडा आला नाही. माझा जीव भांड्यात पडला. मग चाचांनी पोशाख गालाला लावला, पण या वेळी हात वर केला नाही. बराच वेळ ते तसेच बसून होते. गाल काढला तेव्हा रबराचा काळा डाग दाढीला लागला होता.

"उद्या ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेलो तर पोशाख तिथेच टांगलेला. चाचा म्हणाले, "हा घालू नको."

"का? बुडबुडा तर आला नाही."

"नाई आला."

"भोक आहे का?"

"भोक नाई."

"मग दाखवा ना काय आहे ते."

"दाखवाले काईच नाई बाबू. तेलानं रबर खाल्लं हाय. जोड आतून सुटून राह्यला. आता हवेनं नाई उकलनार. तू पान्यात उभा राह्यशीन, वजन पडन, तवा उकलन."

त्यांचं म्हणणं मला पटलं नाही असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. पटलं होतं, म्हणूनच मला राग आला. हा माणूस मला एकुलता आधार काढून घेऊन साहेबापुढे उभा करत होता. मी आवाज चढवला. परवा साहेब येतायत, माझी नोकरी जाईल, सरकारी वस्तू अडवून ठेवायचा तुम्हाला काय अधिकार, असं बरंच बोललो. आजूबाजूचे दुकानदार बघायला लागले. चाचा खाली मान घालून ऐकत होते.

"पानी किती खोल हाय?" त्यांनी विचारलं.

"छातीएवढं."

"तुले पोहता येते?"

"येतं," मी म्हणालो.

तेव्हा माझा आवाज कसा निघाला हे मला माहीत नाही, पण चाचांचं सगळं आयुष्य बारीक आवाज ऐकण्यात गेलं होतं. त्यांनी खोक्यातून ट्यूब कापायची मोठी कात्री काढली. ज्या माणसाने त्या रबरावर तीन वर्षं नख लागू दिलं नव्हतं, त्याने पोशाख मांडीवर घेतला आणि दोन्ही पाय गुडघ्यापासून सरळ रेषेत कापून टाकले. घाई नाही, राग नाही.

"आता कोनी नाई घालनार," ते म्हणाले.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. कापलेल्या कडेवर जोडाची पट्टी उघडी पडली होती. चाचांनी ती दोन बोटांत धरून नुसती ओढली. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी ती वरपर्यंत निघत गेली, आवाजसुद्धा न होता. आतलं कापडी अस्तर तेवढं उरलं. मी त्यांच्याच स्टुलावर बसलो. त्यांनी लोटीने पाणी दिलं.

प्रात्यक्षिकाचं काय झालं म्हणाल, तर काहीच नाही. साहेब आले, बुधाभाऊ खोकतच लंगोट लावून तुडुमात उतरले, पाच मिनिटांत जाळी बसवून वर आले. साहेब तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "पोशाख कुठे आहे?"

जे काय धैर्य गोळा करायचं होतं ते त्या क्षणी करायचं होतं. मी म्हणालो, "दुरुस्तीवाल्याने कापला, साहेब."

"लिहून द्या तसं."

मी लिहून दिलं. सदर पोशाख दुरुस्तीकाराच्या हलगर्जीपणामुळे निकामी झाला. तेलाचं लिहिलं नाही. बुधाभाऊंच्या बायकोला त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्यात अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं हे, की तेलाचं लिहिलं असतं तर पोशाख तिच्या घरी कुणी ठेवला हे विचारलं गेलं असतं. जोड कसा सुटला हे लिहिलं नाही. मी आज जिवंत का आहे हेही लिहिलं नाही. त्यासाठीही रकाना नव्हता.

कागदावर दुरुस्तीकाराची सही लागणार होती. मी दुपारी दुकान रिकामं बघून गेलो. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय लिवलं?" मला खोटं वाचता आलं असतं. तेवढं मात्र केलं नाही. मी शब्द न शब्द वाचून दाखवला. "हलगर्जीपणा म्हंजे?" त्यांनी विचारलं. मी अर्थ सांगितला.

चाचांनी हातातला पंप खाली ठेवला.

"त्या बाईचं नाव तं नाई टाकलं ना?"

"नाही."

"बरं केलं. तिनं तं मायेनं लावलं." त्यांनी हात फडक्याला पुसले, उर्दूत सही केली आणि कागदाला काळा डाग लागू नये म्हणून तो कडेला धरून माझ्या हातात दिला.

केंद्राचं काम त्यांच्याकडे जाणं बंद झालं. हळूहळू पोलिसांचे रेनकोटही येईनासे झाले, कारण सरकारी कागदाची बातमी सरकारी लोकांत फिरतेच. एके दिवशी पाहिलं तर पाटीवरची खालची ओळ चुन्याने पुसलेली होती. ती त्यांनी स्वतःच पुसली असं शेजारच्या पानवाल्याने सांगितलं. आपल्या हातून हलगर्जी होते असं लिहून दिलंय, मग तसं काम घेणं बरोबर नाही, असं चाचांचं म्हणणं होतं. त्यानंतर मी बाजारात जायचो ते मागच्या गल्लीतून. पुढच्या पावसाळ्यात माझी बल्लारपूरकडे बदली झाली आणि मी निरोपही न घेता सुटलो.

आठ वर्षांनी त्याच केंद्रावर परत आलो, या वेळी साहेब म्हणून. चाचा दोन वर्षांपूर्वी गेले होते. दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान होतं. मागच्या घरात चाची एकट्या राहत होत्या. मी कोण ते सांगण्याआधीच म्हणाल्या, "तुमी मासोऱ्यावाले बाबू ना?" आणि चहा ठेवला.

चहा होईपर्यंत मी इकडचं तिकडचं बोललो. मग सगळं सांगून टाकलं. तो कागद मी लिहिला होता, तो खोटा होता, चाचांनी माझा जीव वाचवला होता.

"मले मालूम हाय," चाची म्हणाल्या. "त्यायनं सांगतलं होतं. मी लय चिडली होती. म्हनलं, त्या बाबूच्या हापिसात जाऊन भांडतो. तं म्हने, नको जाऊ, तो भेला हाय. भेलेल्या मानसाले अजून कायले भेव दाखवाचं."

मी कप हातात धरून बसलो. चहावर साय धरली.

"तो कागद हाय का अजून?" त्यांनी विचारलं.

"असेल फायलीत."

"मंग तं काढून टाका ना बाबू. नाई तं दुसरा लिवा, खरा. आता तुमीच सायब हा. आता कोनाचं भेव हाय तुमाले?"

मी हो म्हणालो. उद्याच करतो म्हणालो.

फाईल माझ्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात होती. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असायची. फाईल उघडून मी चाचांची सही अनेकदा पाहिली. प्रत्येक वेळी वाटलं, जुनी तपासणी, जुने साहेब अजून वर बसलेत, खोटं लिहिलं म्हणून आपल्यावरच येईल. तीन वर्षांनी माझी बदली झाली तेव्हा नव्या साहेबांनी हात पुढे केला. मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. कागद आत तसाच होता.